बाइयाच्या बुडालेल्या रोमन नगरात स्कुबा डाइव्ह: तयारीपासून परतीपर्यंत

इटलीत नेपल्सच्या पश्चिमेला, पोत्सुओलीच्या आखातात, बाइया या गावासमोर समुद्राच्या तळाशी रोमन श्रीमंतांचे बंगले, स्नानगृहे, फरसबंद रस्ते आणि बंदराची गोदामे पडून आहेत. ज्वालामुखीच्या प्रदेशातली ही जमीन शतकानुशतके हळूहळू खचत गेली आणि किनाऱ्यालगतची वस्ती पाण्याखाली गेली. यातला बराचसा भाग अवघ्या ५ मीटर खोलीवर आहे. हा आकडा वाचला की आपल्याकडचे अनेकजण ठरवून टाकतात की ही डाइव्ह नवख्यांसाठी आहे, मालवणला एकदा पाण्यात उतरलेल्या कोणालाही ती जमेल आणि तयारीची फारशी गरज नाही. नेमके इथेच चुकते. पाच मीटरवर जिवाला धोका तुलनेने कमी असतो हे खरे, पण शरीर एका पातळीवर स्थिर ठेवणे तिथेच सर्वांत अवघड असते, आणि या जागी तुमच्या पोटाखाली हातभर अंतरावर दोन हजार वर्षांपूर्वीची फरशी असते. पुढचे सगळे टप्पे या एका अडचणीभोवती रचलेले आहेत. त्यांचा क्रम बदलू नये.

१. आपण खरोखर डायव्हर आहोत का, हे आधी ठरवा

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात पर्यटकांना जे ‘स्कुबा’ करून देतात, त्यात प्रशिक्षक मागून तुमचा सिलिंडर धरून ठेवतो, तुमच्या कमरेची शिशाची वजने आणि बीसीडीतली, म्हणजे तरंगण्यासाठी घातलेल्या जाकिटातली, हवा तोच सांभाळतो आणि तुम्ही फक्त श्वास घेत मासे पाहता. तो अनुभव चांगलाच असतो, पण त्याला प्रशिक्षण म्हणता येत नाही आणि त्याबद्दल मिळणारा छापील कागद डायव्हिंगचा परवाना ठरत नाही. बाइयामध्ये स्वतंत्र डायव्हर म्हणून गटात सामील व्हायचे असेल तर पाडी, एसएसआय, सीमास यांसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे किमान ओपन वॉटर पातळीचे किंवा त्याच्याशी समकक्ष प्रमाणपत्र लागते. पाडीच्या या अभ्यासक्रमात तलावातल्या सरावानंतर खुल्या पाण्यात ४ डाइव्ह असतात आणि प्रमाणपत्रधारकाला १८ मीटरपर्यंत उतरता येते. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. गोव्यात आणि अंदमानातही हे अभ्यासक्रम चालतात.

माझे स्पष्ट मत असे की कागदोपत्री चार डाइव्ह पुरत असल्या तरी या जागेसाठी त्या पुरत नाहीत. प्रमाणपत्रानंतर किमान पंधरा-वीस डाइव्ह झाल्या असाव्यात आणि शेवटची डाइव्ह सहा महिन्यांच्या आत झालेली असावी. तेवढा अनुभव नसेल तर मन खट्टू करून घेण्याचे कारण नाही, कारण ५ मीटरवरचे अवशेष स्नॉर्केल लावून वरूनही दिसतात आणि काचेच्या तळाच्या बोटीतूनही दाखवले जातात. तोल सांभाळता येत नसताना मोझेकवर, म्हणजे दगडाच्या बारीक तुकड्यांच्या नक्षीदार फरशीवर, उतरण्यापेक्षा हे दोन्ही मार्ग केव्हाही चांगले.

तपासणी: प्रमाणपत्राचे कार्ड, त्याची मोबाइलमधली प्रत आणि लॉगबुक (डाइव्हची नोंदवही) हाताशी आहे का? दमा, कानाचा किंवा हृदयाचा कोणताही जुना त्रास असेल तर डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून भारतातच तपासणी करून दाखला घ्यावा. तिथे पोहोचल्यावर आरोग्याच्या प्रश्नावलीत एक ‘हो’ लिहावे लागले आणि दाखला जवळ नसला, तर डाइव्ह रद्द होते.

२. तारखा उलट्या दिशेने ठरवा

बहुतेकजण आधी विमानाचे तिकीट काढतात आणि मग सरावाचा विचार करतात. आपल्या ऋतूंमुळे हे गणित फसते. बाइयाचा सोयीचा काळ साधारण मे ते ऑक्टोबर आहे. फेब्रुवारीत तिथले पाणी १४ अंशांच्या आसपास असते आणि आपल्यासारख्या उष्ण पाण्यात शिकलेल्या माणसाला ते सोसवत नाही. उलट कोकण किनाऱ्यावर जूनपासून पावसाळाभर जलक्रीडा बंद असतात. म्हणजे सप्टेंबरमध्ये जायचे असेल तर समुद्रातला सराव मेच्या मध्यापर्यंत संपवायला हवा आणि मधले महिने पोहण्याच्या तलावात तोल टिकवून धरायला हवा. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळायला उशीर लागतो, म्हणून तो आधी करावा.

नेहमीच्या प्रवास विम्याच्या पॉलिसीत स्कुबा डायव्हिंग वगळलेले असू शकते. पॉलिसीतले अपवादांचे पान वाचूनच पैसे भरावेत आणि गरज पडल्यास डायव्हिंगचा वेगळा विमा घ्यावा.

या भागात मुक्कामाचा एक दिवस मोकळा ठेवण्याला खास कारण आहे. जी जमीन एके काळी खचली तीच सध्या वर उचलली जात आहे. २००५ पासून पोत्सुओलीत ती एक मीटरहून अधिक वर आली आहे आणि या हालचालीसोबत भूकंपाचे लहान-मोठे धक्के बसतात. मे २०२४ मध्ये ४.४ आणि मार्च २०२५ मध्ये ४.६ तीव्रतेचे धक्के नोंदले गेले. अशा धक्क्यांनंतर स्थानिक रेल्वे तपासणीसाठी थांबू शकते आणि बोटीही न निघण्याची शक्यता असते. वाऱ्याने पाणी गढूळ झाले तरी डाइव्ह पुढे ढकलली जाते. एकच दिवस हाती असलेला माणूस अशा वेळी नको तो आग्रह धरून बसतो.

३. तोल: घरी करायचा खरा अभ्यास

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, म्हणून मी इथे जरा सविस्तर लिहितो.

पाण्याखाली ५ मीटरवर दाब पृष्ठभागावरच्या दीड पट असतो. तिथून एक मीटर वर सरकलात तर बीसीडीतली हवा आणि वेटसूटमधले (डायव्हरच्या रबरी पोशाखातले) बुडबुडे सुमारे ७ टक्क्यांनी फुगतात. २५ मीटरवर तेवढेच वर सरकल्यास ही वाढ ३ टक्क्यांच्या आत राहते. याचा अर्थ असा की उथळ पाण्यात वर सरकायला लागलेला माणूस आणखी वेगाने वर जातो आणि खाली जाऊ लागलेला आणखी खाली. खोल डाइव्हवर ‘माझी बॉयन्सी (तरंगण्यावरचा ताबा) चांगली आहे’ असे म्हणणारे लोक इथे वर-खाली होताना दिसतात, त्यामागे हे साधे भौतिकशास्त्र आहे. त्यावरचा उपाय बीसीडीच्या बटणात सापडत नाही. फुप्फुसांतली हवा एक लिटरने कमी-जास्त झाली की तुमचे पाण्यातले वजन जवळपास एक किलोने बदलते, आणि बारीक नियंत्रण तिथूनच मिळते.

तलावात पुढील सराव याच क्रमाने करावा.

अ) आधी नुसते आडवे राहायला शिकावे. छाती, पोट आणि मांड्या एका रेषेत, गुडघे वाकवून पावले वर, हात समोर एकमेकांत गुंतवलेले. तळापासून एक मीटरवर तीन मिनिटे असे राहता आले पाहिजे आणि त्या तीन मिनिटांत हात एकदाही हलवायचा नाही. पाय आपोआप खाली जात असतील तर वजनाचा पट्टा फार खाली आहे. थोडे वजन सिलिंडरच्या पट्ट्यावर, खांद्यांच्या बाजूला सरकवून पाहावे.

आ) मग पाय मारण्याची पद्धत बदलावी. आपल्याला शिकवलेली वर-खाली कात्रीसारखी लाथ प्रत्येक वेळी पाणी खाली ढकलते. त्याऐवजी बेडकासारखी लाथ शिकावी, म्हणजे तळवे बाहेर वळवून पाणी मागे आणि किंचित वर जाईल. तपासण्यासाठी मी एक सुती रुमाल वापरतो. तलावाच्या तळावर रुमाल पसरून त्याच्या एकाच कडेवर दोन नाणी ठेवावीत, दुसरी कड मोकळी सोडावी आणि त्यावरून हातभर उंचीने जावे. मागून पाहणाऱ्या सोबत्याने सांगावे की मोकळी कड उचलली गेली का. सुरुवातीला ती प्रत्येक वेळी उलटते. ज्या दिवशी तुम्ही वरून जाता आणि रुमाल निपचित पडून राहतो, त्या दिवशी तुमचे पाय बाइयासाठी तयार झाले.

इ) त्यानंतर मागे सरकण्याची लाथ आणि जागच्या जागी वळणे शिकावे. हे दोन्ही नसेल तर भिंतीच्या फार जवळ गेल्यावर माणूस हाताने भिंत ढकलतो.

ई) शेवटी कामाची भर घालावी. तरंगत असतानाच मास्कमधले पाणी काढणे, प्रेशर गेज (सिलिंडरमधला दाब दाखवणारे मापक) पाहणे, कॅमेऱ्यातून एक छायाचित्र घेणे, आणि या सगळ्यात तळापासूनचे अंतर एक वीतभरही न बदलणे. एकेक गोष्ट येणारा माणूस दोन गोष्टी एकत्र आल्या की तोल विसरतो.

सावधान: स्थिर राहण्यासाठी श्वास रोखून धरण्याची सवय अनेकांना, विशेषतः छायाचित्रे काढणाऱ्यांना असते. श्वास रोखून एक-दोन मीटर वर सरकलात तर पृष्ठभागाजवळच फुप्फुसाला इजा होऊ शकते, कारण दाबातला सापेक्ष बदल तिथेच सर्वांत मोठा असतो. उथळ पाण्यात हा नियम अधिक काटेकोरपणे पाळायचा आहे. श्वास संथ असावा, पण चालू असावा.

४. वजन आणि सामान

मालवणला ३ मिलिमीटरच्या सूटवर जेवढी वजने लावलीत तेवढीच बाइयात मागितलीत तर तुम्ही बहुधा बुडणारच नाही. तिथे बहुतेक महिन्यांत ५ किंवा ७ मिलिमीटरचा सूट देतात, जाड निओप्रीन जास्त तरंगते आणि भूमध्य समुद्राचे पाणी आपल्या अरबी समुद्रापेक्षा थोडे अधिक खारट आहे. दुसरीकडे, आपल्याकडे बहुतांशी ॲल्युमिनियमचे सिलिंडर मिळतात, युरोपात पोलादी. पोलादी सिलिंडर रिकामा होत आला तरी बुडालेलाच राहतो, ॲल्युमिनियमचा मात्र हलका होऊन वर ओढू लागतो. म्हणजे एका कारणाने वजने वाढवावी लागतात आणि दुसऱ्या कारणाने कमी करावी लागतात. अंदाज करत बसण्यापेक्षा चाचणी करावी.

चाचणी अशी. संपूर्ण पोशाखात खोल पाण्यात उभे राहावे, बीसीडी पूर्ण रिकामी करावी आणि नेहमीचा श्वास घेऊन थांबावे. पाण्याची रेघ डोळ्यांपाशी आली आणि श्वास सोडताच तुम्ही हळूहळू खाली गेलात, तर वजन योग्य आहे. मात्र ही चाचणी भरलेल्या सिलिंडरवर केली असेल तर त्यात सुमारे २ किलो मिळवावे लागतात, कारण १२ लिटरच्या सिलिंडरमधली दीडशे बार (बार हे दाबाचे एकक) हवा डाइव्हभरात वापरली की तेवढे वजन कमी होते. हे दोन किलो विसरणाऱ्याची डाइव्हची शेवटची वीस मिनिटे वर न जाण्याच्या धडपडीत जातात, आणि नेमक्या त्याच वेळी तो मोझेकवर असतो. त्याउलट ‘खाली तर राहू’ म्हणून चार किलो जास्त लावणारा बीसीडीत जास्त हवा भरतो, आणि ती हवाच उथळ पाण्यात फुगते-आक्रसते. दोन्हींत जास्त वजनाची चूक मला अधिक वेळा दिसली आहे.

स्वतःचा रेग्युलेटर (सिलिंडरमधून श्वास घेण्याचे साधन) नेणार असाल तर तो कोणत्या पद्धतीने सिलिंडरला बसतो ते पाहावे. आपल्याकडचे बहुसंख्य रेग्युलेटर योक पद्धतीचे (वरून शिकंज्याने कसायचे) असतात, युरोपात डिन पद्धतीच्या (आत फिरवून बसवायच्या) झडपा सर्रास आहेत. केंद्राला आधी विचारावे आणि अडॅप्टर सोबत ठेवावे.

अंगावर लोंबकळणारे काहीही ठेवू नये. प्रेशर गेज आणि ऑक्टोपस (श्वास घेण्याचे जादा तोंड) छातीशी क्लिपने अडकवलेले हवेत. माझ्या बाइयातल्या पहिल्या डाइव्हला तीन मिनिटेही झाली नसतील, तेव्हा मार्गदर्शकाने मला खुणेने थांबवले, माझ्या पोटाखालून गेज उचलला आणि माझ्या समोर धरला. तो वाळूत एक बारीक चर ओढत आला होता आणि चर जिथे थांबला होता तिथून वीतभरावर फरशीची पांढरी कड वाळूतून डोकावत होती. तेव्हापासून पाण्यात उतरण्याआधी मी सोबत्याला माझ्या अंगावरून एकदा हात फिरवायला सांगतो.

हातमोजे घालू नयेत. मोजे घातलेला हात नकळत धरायला जातो, उघडा हात बिचकतो. चाकूची आणि हातात धरायच्या काठीचीही इथे गरज नाही.

५. कोणत्या ठिकाणी उतरायचे ते निवडा

बाइयाचे पाण्याखालील उद्यान २००२ मध्ये संरक्षित झाले आणि त्याचे अ, ब, क असे तीन विभाग आहेत. अ विभागात निर्बंध सर्वांत कडक आहेत. अवशेषांवर डाइव्ह उद्यानाने मान्यता दिलेल्या केंद्राच्या मार्गदर्शकाबरोबरच करायची असते. स्वतःची बोट भाड्याने घेऊन, नांगर टाकून उतरता येत नाही. आरक्षण करताना केंद्राला दोन प्रश्न विचारावेत: उद्यानाची मान्यता आहे का, आणि एका मार्गदर्शकामागे किती डायव्हर असतात? चारपेक्षा मोठा गट असेल तर मी दुसरी वेळ मागतो.

‘सगळे दाखवा’ असे सांगणे ही इथली नेहमीची चूक आहे. ठिकाणे वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाची मागणी वेगळी आहे.

पुंता एपिताफियो येथील निम्फियम हे सम्राट क्लॉडियसच्या काळातले मेजवानीचे दालन आहे. खोली सुमारे ५ मीटर. दालनाच्या टोकाला ग्रीक महाकाव्याचा नायक युलिसिस आणि त्याचा सोबती बायोस यांचे पुतळे उभे आहेत. बायोसच्या हातात दारूची पखाल आहे. पहिल्या डाइव्हसाठी हे ठिकाण उत्तम.

प्रवेशमंडप असलेला बंगलाही ५ मीटरच्या आसपास आहे. तिथले काळे-पांढरे, षटकोनांचे मोझेक पाहायला लोक जगभरातून येतात. पहिल्या डाइव्हमध्ये तुमचा तोल कसा आहे ते मार्गदर्शकाने पाहिल्यावरच इथे जावे.

पोर्तुस यूलियस हे ख्रिस्तपूर्व ३७ मध्ये रोमन सेनानी अग्रिप्पाने बांधलेले लष्करी बंदर. भिंती आणि रस्ते दूरवर पसरलेले आहेत आणि पाणी अधिकच उथळ आहे, त्यामुळे तोलाची परीक्षा इथे सर्वांत कठीण. जमीन वर येत असल्यामुळे जुन्या वर्णनांतल्या खोलीच्या आकड्यांवर विसंबू नये.

सेक्का फुमोसा या ठिकाणी रोमन काँक्रीटचे प्रचंड चौकोनी खांब आहेत आणि तळातून ज्वालामुखीचे वायू बुडबुड्यांच्या माळांनी वर येतात. हे बाकीच्यांपेक्षा खोल आहे, दहा मीटरच्या पुढे. तळातल्या छिद्रांवर हात धरू नये, तिथले पाणी आणि वाळू चटका बसण्याइतकी गरम असू शकते.

दिवसाला दोन डाइव्ह पुरेत. पहिली निम्फियमवर, दुसरी बंगल्यावर.

६. आदला दिवस

पाण्यात जाण्याआधी बाइयाच्या किल्ल्यातले पुरातत्त्व संग्रहालय पाहून घ्यावे, त्यासाठी किमान दोन तास ठेवावेत. निम्फियमच्या दालनाची मांडणी तिथे पुन्हा उभी केली आहे आणि समुद्रातून काढलेले मूळ पुतळे तिथेच आहेत. हा क्रम उलटा करू नये. पाण्याखाली शेवाळाने झाकलेल्या आकृत्या दिसतात. कोणता हात कुठे होता, पेला कोणी पुढे केला आहे, हे आधी माहीत नसेल तर ते ओळखण्यासाठी माणूस जवळ जातो, आणि जवळ जाणाऱ्याच्या फिन्स (पायातले वल्ह्यासारखे पंख) खाली लागतात.

संग्रहालयातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवून बाहेर पडावे. निम्फियममध्ये पाण्याखाली उभे असलेले पुतळे प्रतिकृती आहेत, पण पायाखालच्या फरशा, मोझेक आणि भिंती मूळच्याच आहेत. बहुतेक डायव्हर पुतळ्यांभोवती जपून फिरतात आणि त्या नादात फरशीवर गुडघे टेकतात. जपायची वस्तू खाली आहे, हे मनावर ठसलेले असले पाहिजे.

आता व्हेसुव्हियसबद्दल. नेपल्सला गेलेला माणूस हा ज्वालामुखी पाहणारच, पण तो डाइव्हच्या आधी पाहावा. त्याची उंची १२८१ मीटर आहे, आणि डाइव्हनंतर लगेच डोंगरावर चढणे शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनच्या दृष्टीने विमानात बसण्यासारखेच आहे, कारण उंचावर हवेचा दाब कमी होऊन त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानप्रवासाबाबतचा नियम असा की एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, आणि एकाहून अधिक डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास थांबावे. डोंगरालाही तोच नियम लावावा. पाच मीटरवर नायट्रोजन फारसा विरघळत नाही हे मला माहीत आहे, तरी सेक्का फुमोसाची डाइव्ह यादीत आली की हिशेब बदलतो, म्हणून वेळापत्रकच तसे आखलेले बरे.

तपासणी: सर्दी आहे का? नाक चोंदलेले असताना औषध घेऊन उतरू नये. कानावर दाबाचा ताण पहिल्या काही मीटरमध्येच सर्वांत जास्त येतो, त्यामुळे ‘पाचच मीटर तर आहे’ हा युक्तिवाद इथेही चालत नाही.

७. बोटीवर

निम्फियम बंदरापासून अगदी जवळ आहे, बोटीला थोडकी मिनिटे लागतात. म्हणून सामानाची जोडणी धक्क्यावरच पुरी करावी. बोटीवर गडबडीत जोडलेल्या सामानात चुका राहतात. सूचना इटालियनमध्ये किंवा इटालियन वळणाच्या इंग्रजीत मिळतील. काही कळले नाही तर मान डोलावू नये, पुन्हा विचारावे. तीन गोष्टी नक्की विचारून घ्याव्यात: मोझेकपाशी कोणत्या क्रमाने थांबायचे, वाळू बाजूला करण्याची खूण कोणती, आणि हरवल्यास काय करायचे. या आखातात बोटींची वर्दळ असते, त्यामुळे एकट्याने कुठेही पृष्ठभागावर येणे धोक्याचे आहे. सोबत्याच्या आणि तुमच्या सिलिंडरमधल्या दाबाचा आकडा एकमेकांना सांगून ठेवावा.

८. उतरणे

उडी मारल्यावर लगेच खाली जाऊ नये. बोट बांधलेल्या बोयाच्या दोरापाशी गोळा व्हावे आणि तिथे एक मिनिट फक्त श्वास संथ करावा. नवीन पाण्यात पहिल्या मिनिटाला प्रत्येकजण भराभर श्वास घेतो, फुप्फुसे भरलेली राहतात, त्यामुळे माणूस बुडत नाही आणि मग त्याला वाटते की वजन कमी पडले. अशा वेळी वजन मागून घेणारे पुढचा पाऊण तास तळाला घासत राहतात. आधी श्वास पूर्ण सोडून पाहावा.

उतरताना पाय खाली करून उतरू नये. पहिल्या दोन मीटरनंतर आडवे व्हावे आणि तळापासून किमान दीड मीटरवर थांबून बीसीडीत अगदी थोडी हवा घ्यावी. वाळूचा मोकळा पट्टा असेल तिथेच तोल जमवावा. तो जमल्याची खूण मार्गदर्शकाला दिल्याशिवाय अवशेषांकडे सरकू नये.

तपासणी: हात गुंतवून दहा श्वास घ्यावेत. या दहा श्वासांत तुम्ही आपल्या जागी राहिलात तर पुढे जावे. नाहीतर वजनाची अडचण इथेच सांगावी, मार्गदर्शकाकडे जादा वजन असते.

९. मोझेकपाशी

फरशा वाळूने झाकलेल्या असतात, काही ठिकाणी वाळूखाली संरक्षक कापडही असते. हे आच्छादन निष्काळजीपणाने पडून राहिलेले नाही. उघड्या संगमरवरात दगड पोखरणारे शिंपले आणि स्पंज घर करतात आणि आतून त्याची चाळण करतात. वाळूखाली त्यांना जगता येत नाही. इटलीच्या राष्ट्रीय संवर्धन संस्थेचे तज्ज्ञ इथे पाण्याखालीच दुरुस्तीचे काम करत आले आहेत, आणि वस्तू जागच्या जागी ठेवून जपायची हेच धोरण आहे. म्हणून वाळू बाजूला करणे हे फक्त मार्गदर्शकाचे काम आहे.

तो थांबला की गटाने त्याच्याभोवती अर्धवर्तुळ करावे, डोकी आत आणि फिन्स बाहेर. तो हाताने हलके वारे घातल्यासारखे पाणी हलवतो आणि वाळू धुरासारखी सरकते. आधी एक काळी रेघ दिसते, मग तिच्या कडेने नखाएवढे पांढरे चौकोन, मग आणखी एक रेघ, आणि बघता बघता षटकोनाची बाजू जुळते. दगडांच्या सांध्यांत अडकलेले वाळूचे कण त्या झुळकीने एकेक करून निघत असतात. या क्षणी प्रत्येकाला पुढे झुकावेसे वाटते. झुकू नये, श्वास थोडा कमी घेऊन हळूच खाली यावे आणि अंतर हातभर राखावे. पाहून झाले की मागे सरकण्याच्या लाथेने मागे सरून दुसऱ्याला जागा द्यावी. वरून ओलांडून जाऊ नये.

इथे नेहमी होणाऱ्या चुका सांगतो. आपणही थोडी वाळू सारून पाहणे. सुटलेला एखादा चौकोन हातात घेऊन पाहणे. मास्कमध्ये पाणी आल्यावर घाबरून पाय खाली टाकणे. आणि भिंतीच्या कडेला बोटाने टेकून स्वतःला सावरणे. सुटलेला तुकडा उचलून पुन्हा ‘तिथेच’ ठेवता येत नाही, कारण तो कोणत्या कोनात पडला होता हे तुम्हाला आठवत नसते आणि संवर्धकाला नेमके तेच हवे असते. काही वेगळे दिसले तर मार्गदर्शकाला बोलवावे, जागा दाखवावी आणि हात मागे घ्यावा.

निघण्याआधी मार्गदर्शक वाळू परत पसरतो. तो पसरत असताना गटाने थांबावे.

१०. छायाचित्रे

पहिल्या डाइव्हला कॅमेरा नेऊ नये. दुसऱ्या डाइव्हला नेल्यास तो दोरीने हाताला बांधलेला असावा, लोंबकळता नसावा. रुंद कोनाची लेन्स वापरली तर जवळ न जाता सगळा आकार मावतो. हवेतल्या कणांमुळे खोलीत कवडसा जसा ठळक दिसतो तसेच गढूळ पाण्यात समोरून मारलेल्या प्रकाशात कण चमकतात. म्हणून दिवा किंवा फ्लॅश बाजूला धरावा, किंवा ५ मीटरवर मिळणाऱ्या सूर्यप्रकाशावरच भागवावे. सकाळची डाइव्ह त्यासाठी बरी. स्वतःची छबी घेण्यासाठी लांब दांडी नेऊ नये, ती फिरवताना दुसरे टोक कुठे लागते हे दिसत नाही.

११. वर येणे आणि त्यानंतर

या खोलीवर हवा तासभर सहज पुरते, त्यामुळे डाइव्ह हवेपेक्षा थंडीमुळे संपते. अंगात कापरे भरायला लागले की श्वास उथळ होतो आणि तोल बिघडतो; कुडकुडण्याची वाट न पाहता खूण करावी. वर येताना अवशेषांपासून बाजूला सरून, बोयाच्या दोरालगत, मार्गदर्शकाच्या मागे यावे. बीसीडीतली हवा वर येण्याआधी सोडायला सुरुवात करावी, कारण शेवटच्या तीन मीटरमध्ये ती सर्वांत वेगाने फुगते. डोके बाहेर काढण्याआधी वर पाहावे आणि बोटीच्या इंजिनाचा आवाज ऐकावा.

बोटीवर आल्यावर लगेच, अंग पुसण्याआधी, लॉगबुकात चार आकडे लिहावेत: सूटची जाडी, सिलिंडरचा प्रकार, लावलेली वजने आणि शेवटी उरलेली हवा. त्यापुढे एका ओळीत लिहावे की ५० बार उरलेली असताना ५ मीटरवर तुम्ही स्थिर होता का. दुसऱ्या डाइव्हची वजने याच ओळीवरून ठरतात. पाण्याखाली काही तुटलेले, उघडे पडलेले किंवा नव्याने वर आलेले दिसले असेल तर ते ठिकाण आणि वेळ सांगून केंद्रातच नोंदवून यावे, आणि संबंधित छायाचित्र त्यांना तिथेच द्यावे.